बाहेरून बाहेर

— नाही नाही, चिठ्ठी राहू द्या खिशातच. चिठ्ठीवरच्या मापावर मी ब्लेड देत नाही. फोनवरच्या मापावर तर नाहीच नाही. ट्रॅक्टर आणलाय ना सोबत? बाहेर उभा आहे? मग झालं तर. टेप घेऊन जाऊ, दोन मिनिटांचं काम आहे. पण आधी मला सांगा, करायचं काय आहे तुम्हाला ब्लेडनं? — घरापासून रस्त्यापर्यंतची वाट. बरं. खडीची? — खडी आणि माती. आणि मागे उतार आहे. किती उतार? असा हात करून नका दाखवू हो, हातानं सगळेच उतार सारखे दिसतात. पाणी वाहून जातं का, की ट्रॅक्टर सुद्धा वाहून जाईल? — हसलात. हसा. पूर्वी मी हेच वाक्य दिवसातनं चारदा म्हणायचो आणि गिऱ्हाईक हसायचं, आता सवयीनं तोंडातनं जातं.

बसा. ते स्टूल डुगडुगतं, त्याच्यावर नको, डब्यावर बसा. हे बघा, हे असं असतं बॉक्स ब्लेड. लोखंडाची पेटी समजा — मागे पाठ, दोन्हीकडे गाल, खालनं उघडी. ट्रॅक्टरच्या मागे लावायची. पुढचे हे दाते जमीन उकरतात, मागची ही पाती खरवडते, माती पेटीत गोळा होते आणि खड्डा आला की आपोआप त्यात पडते. उंचवट्याचं काढून खड्ड्याला द्यायचं, एवढंच काम. काय? — सहा फुटी? ते समोरचं? सगळे आधी त्याच्याकडेच बघतात, म्हणून तर ते पुढे ठेवलंय. एचपी किती तुमचा? पंचवीस. मग नाकापेक्षा मोती जड होईल. ओढायला तो ओढेल, कोरड्या मातीत रडत रडत ओढेल, पण पेटी भरली की मागे एवढं वजन येतं की पुढची चाकं जमिनीला नुसती चाटून जातात. स्टिअरिंग फिरवाल तुम्ही, ट्रॅक्टर म्हणेल, कुणाला सांगताय? त्यात तुमचा उतार. नको. मी देणार नाही. तुम्ही म्हणाल, कसला दुकानदार आहे, पहिल्यापासून नको नको करतोय. बायको पण हेच म्हणते — आता तुम्ही दुकान चालवत नाही, गिऱ्हाइकं परत पाठवता.

— कुठलं? ते कोपऱ्यातलं? ऑइलच्या पिंपांमागचं? ते चार फुटी आहे. हो, लहान दिसतं, गेटातनं सहज जाईल, बरोबर आहे तुमचं, पण ते विकायचं नाही. — मोडलेलं वगैरे काही नाही. लोखंडाला काय होतंय. एकदा वापरलंय, म्हणजे तीन-चार दिवस. ते घरचं आहे. — नाही, दाखवायला पण काढत नाही, पिंपं हलवावी लागतील. सोडा ना ते.

आता नियम ऐका, सोपा आहे, आणि लोक नेमकी त्यातच चूक करतात. ट्रॅक्टरची मागची चाकं. डाव्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून उजव्या टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप धरायचा. बाहेरून बाहेर. जेवढं येईल, त्याच्यापेक्षा ब्लेड थोडं रुंद पाहिजे. दोन्हीकडे बोट-दोन बोटं जास्त. का? कारण ब्लेडच्या दोन्ही गालांच्या कडेनं माती सांडते, तिचा वरंबा होतो. ब्लेड चाकांपेक्षा रुंद असेल तर वरंबा चाकांच्या बाहेर पडतो, तुमची चाकं साफ केलेल्या जमिनीवर. ब्लेड अरुंद असेल तर तो वरंबा पडतो बरोबर चाकांच्या रस्त्यात. पुढच्या फेरीला चाक त्याच्यावर चढतं. सपाट जमिनीवर काही बिघडत नाही, नुसती वाट वेडीवाकडी होते. पण कडेला, उतारावर — एक चाक भुसभुशीत मातीवर चढलेलं आणि दुसरं खाली. प्रत्येक फेरीला थोडं जास्त. माणसाला कळत सुद्धा नाही, सीटवर बसलेला माणूस आपोआप सरळ होतो हो. मान सरळ ठेवतो, वाटतं सगळं सरळ आहे.

आणि लोक काय करतात? मधून मध मोजतात. या टायरच्या मधोमध टेप धरला, त्या टायरच्या मधोमध नेला. त्यात त्यांची चूक आहे असं मी म्हणणार नाही. गॅरेजवाले तसंच मोजतात. चाकांची रुंदी म्हटलं की मेकॅनिक मधून मधच सांगणार, त्यांच्या पुस्तकात तसंच असतं. काउंटरवरचं माप वेगळं, वर्कशॉपमधलं वेगळं. दोन्ही बरोबर. फक्त काउंटरवरच्यानं विचारायला पाहिजे — बाबा रे, मधून मध का बाहेरून बाहेर? बावीस वर्षं मी प्रत्येकाला विचारत आलो. येणाऱ्या प्रत्येकाला. माझा धाकटा भाऊ आत वर्कशॉपमध्ये असायचा, तो नक्कल करायचा माझी. गिऱ्हाईक दारात दिसलं की आतनं ओरडायचा — मधून मध का बाहेरून बाहेर! अजून ते बिचारं चप्पल काढत असायचं. चला, टेप सापडला. या.

पायरी सांभाळा. — कुठं लावलाय? त्या ट्रकच्या मागे? तिथं लावायची काय गरज होती, इथं जागा होती की. — बरोबर, मीच पाटी लावलीय, समोर उभं करू नये. माझीच पाटी आणि मीच विसरतो. डोकं जागेवर असतं, नाही असं नाही, पण एका गोष्टीवरनं दुसरीवर जाताना मध्येच कुठं तरी थांबून राहतं. परवा कुलपात किल्ली घातली आणि तसाच उभा राहिलो, शेजारच्या टायरवाल्यानं येऊन फिरवली.

हा होय?

— नाही, काही नाही. बघतोय. धरा टेपाचं टोक. तिकडच्या टायरच्या बाहेरच्या कडेला धरा. अजून बाहेर. हां. घट्ट धरा, सोडू नका. सत्तावन्न. सोडा. सत्तावन्न इंच, म्हणजे तुम्हाला साठ इंची पाहिजे, पाच फुटी. संपलं. सांगितलं ना, दोन मिनिटांचं काम.

डावा मडगार्ड नवीन आहे. उजवा जुनाच. सीटला ही काळी पट्टी — ती चिकटपट्टी आतनं गुंडाळलीय, वरनं नाही, म्हणजे बसताना टोचत नाही. असं गुंडाळायला सीट पूर्ण काढावी लागते. कुणी काढत नाही एवढ्यासाठी. — कुणाकडनं घेतला तुम्ही हा? — बाई? शाळेत शिकवणाऱ्या? — गणित. हो. गणितच शिकवते ती. त्यांनीच सांगितलं इकडे यायला? या दुकानात? — नाही, माझ्या ओळखीच्या आहेत. म्हणजे भावजय माझी. धाकट्याची बायको.

हा रोलबार, सीटमागची ही लोखंडी कमान, खाली का आहे? — घेतला तसाच आहे, बरोबर. तुमच्याकडे पण शेड ठेंगणी आहे का? त्याची होती. दारातनं जायचा नाही म्हणून बार दुमडून खाली करून ठेवायचा, आणि पिन गंजली, मग कोण वर करतंय. जरा बाजूला व्हा. हातोडी — ही असते माझ्या खिशात, तुम्ही घाबरू नका. ही पिन निघायला पाहिजे. निघेल. हे बघा, निघाली. धरा तिकडनं, उचला. वर. आता पिन अशी घालायची. हा बार वरच ठेवायचा, ऐकताय ना? आणि बार वर असला की बेल्ट लावायचा, दोन्ही एकत्र. शेड ठेंगणी असेल तर शेड उंच करा. वाकड्यात जाऊन सांगत नाही, विनंती करतो.

बार वर असता तर तो वाचला असता. सगळे तेच म्हणाले. कालव्याचा इंजिनिअर म्हणाला, पंचनाम्याला आलेले म्हणाले, त्याचे सासरेबुवा म्हणाले. मी पण म्हणालो. सगळ्यात मोठ्यांदा मीच म्हणालो — किती वेळा सांगितलं त्याला, बार वर कर. खोटं नाही ते. सांगितलं होतं.

आठ महिने झाले. कालव्याच्या भरावावरचा रस्ता सपाट करायचं काम होतं, त्याचं पहिलंच मोठं काम. दुकान सोडून स्वतःचं सुरू केलं ना त्यानं. भांडण म्हणजे काही फार नाही. अठरा वर्षं एका छताखाली काम केल्यावर एवढं होतंच. जाताना म्हणाला, दादा, तुला माणसं दिसत नाहीत, मापं दिसतात. मी म्हणालो, जा, चार दिवसांत परत येशील. बघा, दोघांचंही चुकलं. तो परत आला नाही, आणि मला माप पण दिसलं नाही.

हा ट्रॅक्टर त्यानं घेतला तेव्हा मी सोबत होतो. याच्याभोवती दोन चकरा मारल्या होत्या मी. मग पंधरा दिवसांनी त्याचा फोन. दादा, बॉक्स ब्लेड पाठव. मी विचारलं, चाकं किती? म्हणाला, पंचेचाळीस. मी म्हणालो, ठीक. बस. एवढंच बोलणं. अठरा वर्षं जो माझी नक्कल करत होता, त्या एकट्यालाच मी विचारलं नाही, मधून मध का बाहेरून बाहेर. तो मेकॅनिक होता, हो, मेकॅनिकचं माप मधून मध, हे मला माहीत नव्हतं का? पंचेचाळीस बाहेरून बाहेर असा ट्रॅक्टर असतो का कुठं या पॉवरचा? तुम्ही नवीन माणूस, तुम्हाला पण आता कळतंय.

मी सांगतो का विचारलं नाही. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. ते चार फुटी ब्लेड, ते पिंपांमागचं, मी कधी तरी चुकून मागवलेलं होतं. तीन वर्षं पडून होतं. कुणाच्याच ट्रॅक्टरला बसत नव्हतं. धाकटा त्याला म्हणायचा, दादाचं लाडकं. येता-जाता त्याच्यावर टपली मारायचा — काय दादाचं लाडकं, जेवलं का? सगळे हसायचे, मी पण हसायचो. आणि त्यानं फोनवर पंचेचाळीस म्हटल्याबरोबर माझ्या मनात काय आलं, सांगू? आलं की, हे बसतंय. अठ्ठेचाळीस इंची. घे आता, तूच घे, बांध गळ्यात. माझं मलाच हसू आलं. त्या दिवशीच टेम्पोत घालून पाठवलं.

दिव्याखाली अंधार म्हणतात ना. पण तिथं अंधार सुद्धा नव्हता हो, लख्ख दिसत होतं. तिसऱ्या दिवशी त्याचा परत फोन आला. दादा, चाक वरंब्यावर चढतंय. एवढंच म्हणाला. मी काउंटरला उभा होतो. त्याच क्षणी कळलं मला. मधून मध. फोन हातात, आणि पाच फुटी ब्लेड इथं, इतक्या जवळ — हात लांब केला असता तर लागलं असतं. मला म्हणायचं होतं, थांब, काम थांबव, ब्लेड चुकलंय, मी घेऊन येतो. आणि मी म्हणालो, सवय होईल. म्हणालो, एक बाजू जरा खाली घे, हळू चालव, सवय होईल. तो म्हणाला, बरं. लहानपणापासून तसंच म्हणायचा, बरं. वाद घालायचाच नाही, एकदाच घातला, दुकान सोडताना.

का म्हणालो? काय माहीत. चूक कबूल करायची तर लाडक्यासकट करायला लागली असती. तो हसला असता. एवढंच. फार तर महिनाभर चिडवलं असतं त्यानं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला फोन आला, कालव्यावरच्या मुकादमाचा. ट्रॅक्टर उलटलाय, भाऊ खाली आहे. मी ग्रीस भरत होतो एका रोटाव्हेटरला. दोन ठिकाणी भरायचं राहिलं होतं. ते मी भरलं. हात पुसले, फडकं जागेवर ठेवलं, मग निघालो. का, ते विचारू नका. तेव्हापासून हे असंच आहे. जेवतो, झोप लागते, गिऱ्हाईक आलं तर बोलतो. रडलो नाही अजून. वाईट वाटतं का? वाटायला पाहिजे, एवढं कळतं. हात बधिर झाल्यावर कसं, आपलाच हात आपण उचलून ठेवतो, तसं चाललंय.

तेराव्यापर्यंत माणसं येत-जात होती. प्रत्येकजण विचारायचा, ब्लेड कुठलं होतं, कुणी दिलं? मी म्हणायचो, त्यानं सांगितलं ते माप मी दिलं. खरं आहे की नाही? शब्द न् शब्द खरा. ती तिथंच भिंतीला टेकून बसलेली असायची, माझी भावजय. मी तेच वाक्य वीसेक वेळा म्हणालो असेन तिच्यासमोर. तिनं ऐकलं, प्रत्येक वेळी माझ्याकडे बघितलं, आणि खाली बघितलं. नंतर मी तिला म्हणालो, ट्रॅक्टर विकून टाकू, मी गिऱ्हाईक बघतो. म्हणाली, राहू द्या दादा, माझं मी बघते. ब्लेड मात्र तिनं लगेच पाठवून दिलं. पुसून, पातीला तेल लावून पाठवलं होतं. मी म्हटलं, तिला काय कळतंय ब्लेडमधलं. चांगल्या मनाची आहे, वस्तू गंजू नये म्हणून लावलं असेल.

तर असं आहे. उन्हात उभं केलं तुम्हाला. तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका, ट्रॅक्टर चांगला आहे, इंजिन त्यानं स्वतः खोललेलं आहे, दहा वर्षं बघायला नको. चला आत, पाच फुटी काढून ठेवतो. — काय? — चिठ्ठी? अहो, माप घेतलं की आपण आता, चिठ्ठी कशाला. — त्यांनी दिलीय? तुम्ही लिहिलेली नाही ती? — माझ्या हातात द्या म्हणाली? आधी? दुकानात शिरल्या शिरल्या? मग तुम्ही तसं बोलायचं ना. — खरंय. मीच बोलू दिलं नाही.

आणा.

वहीचा कागद आहे. चौकटीचा. अक्षर तिचंच, फळ्यावरचं अक्षर, लांबनं वाचता येईल असं. — थांबा, चष्मा लागत नाही मला याला. वर लिहिलंय, मधून मध, पंचेचाळीस. त्याच्यावर काट मारलीय. पट्टी धरून मारलेली काट आहे, बघा, सरळ. खाली लिहिलंय, बाहेरून बाहेर, सत्तावन्न. त्याच्याखाली दोन रेघा. आणखी काही नाही. मागे पण नाही.

दोन्ही मापं घेतली तिनं. एकटीनं घेतली असणार, टेपाचं टोक धरायला दुसरं कुणी नाही तिच्या घरात. टोक दगडाखाली दाबलं असेल. कधी घेतली हो? तुम्हाला विकताना, का तेव्हाच? — तुम्हाला काय माहीत असणार. बरोबर. आणि काही म्हणाली का? माझ्याबद्दल? — एवढंच? त्यांच्याकडेच जा, ते आता बरोबर माप देतील? — "आता" म्हणाली? नीट आठवून सांगा. — आता म्हणाली.

बरं.

पाच फुटी आहे. गाडी उचलायच्या लिफ्टच्या शेजारी उभं आहे ते. नवीन आहे, हात लागलेला नाही कुणाचा. ट्रॅक्टर इथंच राहू द्या, मी लावून ठेवतो, तुम्ही चार वाजता या. — नाही, मदत नको. टोक धरायला पण नको. — चिठ्ठी माझ्याकडे राहू द्या. तुम्हाला काय करायचीय ती? तुम्ही जा आता. जा म्हणतो ना. चारला या.